रडण्याचा कौल

मस्कतमधल्या वादी कबीर भागातल्या शाळेत मी इतिहास शिकवायचे आणि त्यात मेंढीच्या कलेजीचा धडा माझा सगळ्यांत लाडका होता. प्राचीन काळी दोन नद्यांच्या मधल्या मुलखात राजाला स्वारीवर निघायचं असलं की आधी मेंढी कापायचे. तिची कलेजी हातावर घेऊन पुरोहित तिच्यावरच्या रेघा, खाचा, फुगवटे वाचायचा आणि सांगायचा, निघा किंवा थांबा. चीनमध्ये कासवाच्या पाठीला चटका देऊन तडे पाडायचे आणि ते वाचायचे. आणखी कुठे पक्ष्यांचा थवा डावीकडून गेला की उजवीकडून, यावर राज्यांचे निर्णय व्हायचे. मी फळ्यावर कलेजी काढायचे, तिचे भाग पाडायचे, आणि सातवीतली ती गल्फात वाढलेली पोरं नाकं मुरडत चित्र उतरवून घ्यायची.

दर वर्षी कुणीतरी विचारायचंच, मिस, बट डिड इट कम ट्रू? या प्रश्नाची मी वाटच बघत असायचे. मी सांगायचे की खरं-खोटं हा मुद्दाच नाही. राजाला स्वारीवर जायचंच असायचं. त्याला भविष्य नको असायचं, कुणीतरी हो म्हणायला हवं असायचं, म्हणजे उद्या हरला तरी दोष मेंढीचा. वर्ग हसायचा, मीही हसायचे. मध्ययुगातल्या राजे-बादशहांच्या पदरी ज्योतिषी का असत, तेही मी याच एका वाक्यात निकालात काढायचे. हा विषय आपल्याला पुरता कळलाय असं मला मनापासून वाटायचं.

एक गोष्ट मात्र मी वर्गात कधी सांगितली नाही. माझं माहेर तळकोकणातलं, आणि आमच्या ग्रामदेवतेच्या देवळात आजही कौल लावतात. गुरव देवाच्या पाषाणावर उजव्या आणि डाव्या बाजूला ओल्या पाकळ्या चिकटवतो, मोठ्याने गाऱ्हाणं घालतो, आणि जमलेली माणसं श्वास रोखून बघत राहतात. उजवी पाकळी आधी सुटली तर देवाचा होकार, डावी सुटली तर नकार. लग्न जुळवायचं असो, विहीर खणायची असो, चुकलेली गाय शोधायची असो, माझे आजे-पणजे तिथेच जाऊन विचारत आले. मी शिकायला पुण्याला गेले तेव्हापासून देवळात गेले तर कोपऱ्यात हाताची घडी घालून उभी राहायचे. आई म्हणायची, तुझ्या तोंडावरूनच कळतं तुझ्या मनात काय चाललंय, त्यापेक्षा तू बाहेरच थांब.

माझा धाकटा भाऊ ओमानातल्याच सोहार शहरात एका कारखान्यात क्रेन चालवायचा. लग्न झाल्यावर वर्षाच्या आत त्याने बायकोलाही आणलं. माझी भावजय डी.एड. झालेली, कमी बोलणारी, पण एकदा बोलली की सरळ बोलणारी पोरगी. महिन्यातून एकदा दोघं आमच्याकडे मस्कतला यायची आणि भाऊ माझ्या हातची सोलकढी पिऊन नावं ठेवायचा. आईच्या सोलकढीला जी चव होती ती म्हणे माझ्या शिक्षणाने घालवली.

एका शुक्रवारी तो कारखान्यातल्या दोन मित्रांना घेऊन डोंगराकडे पोहायला गेला. वादी म्हणजे तिथली नदी, वर्षातले बहुतेक दिवस नुसते पांढरे गोटे. खाली ऊन असतं आणि वर डोंगरात पाऊस पडलेला असतो, आणि मग तेच गोटे वाहून नेणारं पाणी येतं. येताना त्यांनी रस्त्यावरून वाहणाऱ्या पाण्यात गाडी घातली. गावातल्या लोकांनी दोर टाकून मित्रांना ओढून काढलं. भाऊ स्टिअरिंगवर होता. गाडी दुसऱ्या दिवशी बरीच खाली, एका खजुराच्या बागेत सापडली. छप्पर आत दबलेलं, दारं उपटलेली, आणि आत कुणी नाही.

पोलिसांनी हेलिकॉप्टर फिरवलं, गावकऱ्यांनी काठ्यांनी गाळ चाचपला. पाणी पुढे समुद्राला मिळतं. एका अधिकाऱ्याने मला फार अदबीने सांगितलं की समुद्राला मिळालं की आमच्या हातात नसतं, इन्शाल्ला काही कळलं तर कळवू. मी ती गाडी पाहिली होती. त्या गाडीतून जिवंत माणूस बाहेर पडू शकत नाही हे सांगायला मला कुणाच्या कलेजीची गरज नव्हती.

आईला फोन करायची हिंमत माझ्या नवऱ्याने केली. मी तोवर तिला काय सांगायचं याची वाक्यं जुळवत होते. पण मी बोलेपर्यंत तिने देवळात जाऊन कौल लावलाही होता. गुरवाने गाऱ्हाणं घातलं होतं, परमुलखात पोर पाण्यात गेलंय, जितं असेल तर उजवा दे. उजवी पाकळी सुटली होती. माझ्याशी बोलताना आईच्या आवाजात थरथर नव्हती.

"देवान कौल दिल्यान," ती म्हणाली. "माझो झील जितो आसा. सुनेक सांग, रडा नको. जित्या माणसासाठी कोण रडता?"

मी चिडले. तिच्यावर, गुरवावर, त्या पाषाणावर. मी तिला गाडीचं वर्णन केलं, जे करायला नको होतं. ती शांतपणे म्हणाली की तू गाडी बघितलीस, त्याला बघितलं नाहीस. मी फोन नवऱ्याच्या हातात दिला.

सोहारचं घर कंपनीचं होतं, ते सोडावं लागलं. भावजय आमच्याकडे आली. माहेरी जाते म्हणाली असती तर मी स्वतः तिला विमानात बसवलं असतं, पण आईने तिला सांगून ठेवलं होतं की तो परत येईल तो ओमानातच येईल, तेव्हा घरी कुणीतरी हवं. आमच्या शाळेच्या बालवर्गात मदतनीस हवी होती. मी शब्द टाकला आणि ती लागली. सकाळी आम्ही दोघी एकाच बसने जायचो. ती खिडकीला बसायची आणि मी तिच्या शेजारी, आणि एखादा माणूस फुटपाथवरून त्याच्यासारखा चालताना दिसला की आम्ही दोघीही त्याच्याकडे बघायचो आणि बघितलं नाही असं दाखवायचो.

आईचा फोन रोज संध्याकाळी यायचा. कुंकू लावलंय ना, हिरव्या बांगड्या आहेत ना, देवापाशी दिवा लावला ना. भावजय हो म्हणायची आणि ते खरं असायचं. सुरुवातीला एकदा ती फोनवर बोलता बोलता हुंदका देऊन रडली. आई इतकी बोलली तिला, की तुझ्या रडण्यानेच त्याची वाट बंद होईल, तू काय त्याला मारायला निघालीस का. त्यानंतर तिने तोंड असं मिटलं की मीच घाबरले. वाटलं, आता हिच्यासमोर चुकूनही डोळे पुसायचे नाहीत, आणि मी माझं रडणं शाळेच्या स्टाफरूमच्या मागच्या बाथरूममध्ये आटपून घरी यायला लागले.

वटपौर्णिमेला आमच्या बिल्डिंगमधल्या बायकांनी तिला ओढून नेलं. तिथे कुठला आलाय वड. एकीच्या बाल्कनीत कुंडीतलं वडाचं रोप होतं, त्यालाच सगळ्यांनी सूत गुंडाळलं. ते रोप सुताखाली दिसेनासं झालं. बायका चांगल्या होत्या, मनापासून सांगत होत्या की देवाने सांगितलंय म्हणजे तो येणारच, तू फक्त उपास सोडू नकोस. भावजय हसून मान डोलवत होती. परत आल्यावर तिने साडी घडी करून ठेवली, आणि मी चहा करत होते तिथे ओट्याशी येऊन उभी राहिली.

"ताई, मला रडायचंय," ती म्हणाली. "एकदाच, पण सगळ्यांसमोर. आई, माझे आईबाबा, तुम्ही, सगळे असताना. तो गेला म्हणून."

मी म्हटलं, रड ना, मी आहे. तिने मान हलवली. असं नाही होत, म्हणाली. एकटी रडले की वाटतं मीच त्याला बुडवतेय. कुणीतरी म्हटलं पाहिजे की तो गेला, मग मला रडता येईल. तिला दुसरं लग्न नको होतं, नोकरी नको होती, गावचं घर नको होतं. तिला एवढंच हवं होतं आणि तेवढंच तिला कुणी देत नव्हतं. सरकारच्या लेखी तो बेपत्ता होता, देवाच्या लेखी जिवंत. मेलेला तो फक्त माझ्या डोक्यात होता, आणि माझ्या डोक्याला घरात काही किंमत नव्हती.

नाही म्हणायला एक माणूस होता. मस्कतच्या गाला भागात गॅरेज असलेला रत्नागिरीकडचा एक मुसलमान मेस्त्री. भावाची ती जुनी गाडी त्यानेच मिळवून दिली होती आणि तोच ती दुरुस्त करायचा. बातमी कळल्यावर तो त्याच दिवशी आमच्या दारात आला, चप्पल काढून बाहेरच उभा राहिला आणि 'इन्ना लिल्लाहि' म्हणाला, जे त्यांच्यात माणूस गेल्यावर म्हणतात. नंतर त्याला कौलाचं कळलं तेव्हा त्याने कधी वाद घातला नाही. पण भाऊ 'आहे' असं तो कधी बोलला नाही, 'होता' असंच बोलायचा, आणि भावजय त्याला मुद्दाम चहाला थांबवायची.

वर्ष होत आलं तेव्हा मी ठरवलं की आता हे माझ्या पद्धतीने सोडवायचं. राजे परवानगीसाठी देवाकडे जायचे, आपणही जाऊ. मी गुरवाला फोन लावला. लहानपणी आम्ही एकाच शाळेत होतो, तो माझ्या पुढे दोन इयत्ता. मी म्हटलं, परत कौल लाव. तो म्हणाला, त्याच गोष्टीचा कौल परत लावायचा नसतो, बाय, देव रागावतो. मला नियम माहीत होता. म्हणून मी म्हटलं, मग दुसरा प्रश्न विचार. तो जिवंत आहे का हे विचारू नकोस. घरच्यांनी दर्भाचा पुतळा करून त्याची क्रिया करावी का, हे विचार. उजवी म्हणजे करा, डावी म्हणजे करू नका. बेपत्ता माणसाचा असा पुतळा करून जाळायची रीत आमच्याकडे जुनी आहे. समुद्रात गेलेल्यांसाठी कैक घरांनी ती केलेली आहे.

त्याने प्रश्न माझ्याकडून पुन्हा एकदा म्हणवून घेतला. मग म्हणाला, ह्यो प्रश्न वेगळो आसा, चलात. आईची हरकत येणार नाही हे मला ठाऊक होतं. तिला खात्रीच होती की देव नकारच देणार. गुरवाची मात्र एक अडचण होती. आमच्या देवाची सत्ता गावच्या शिवेपर्यंत. शिवेबाहेर काही घडलं असेल तर त्या जागेचा जो राखणदार असेल त्याला आधी नारळ ठेवावा लागतो, नाहीतर आमचा देव त्यात पडत नाही. पहिला कौल घाईत लावला तेव्हा ते राहून गेलं होतं.

"थंयचो राखणदार कोण?" त्याने मला विचारलं.

ओमानातल्या एका वादीचा राखणदार कोण, हे मला एम.ए.ला कुणी शिकवलं नव्हतं. मी म्हटलं, असेल कोणीतरी, नारळ ठेवते. आणि फोन ठेवण्याआधी मी त्याला आणखी एक गोष्ट सांगितली. पाकळीला पाणी कमी लावलं तर ती लवकर सुटते, हे मला लहानपणापासून माहीत होतं. जुन्या काळचे पुरोहितही हेच करायचे, मी पुस्तकांतून वाचलं होतं, वर्गात शिकवलं होतं. मी म्हटलं, उजवीला पाणी जरा बेतानेच लाव. त्या पोरीकडे बघ. तो एवढंच म्हणाला की बघतो. त्याचा आवाज दमलेला होता. माझं काम झालं असं मी समजले.

नारळ रुवीच्या बाजारात मिळाला, विड्याची पानंही मिळाली. माझ्या नवऱ्याला त्या शुक्रवारी ड्युटी होती, म्हणून मी मेस्त्रीला विचारलं. त्याने आधी सांगून टाकलं, "आमच्यात ह्ये चालत नाय, ताई. पण गाडी मी चालवतो." वादीच्या काठाला गाडी लावून तो आतच बसून राहिला, आणि आम्ही दोघी गोट्यांवरून धडपडत मध्यापर्यंत गेलो. पाण्याचा थेंब नव्हता. ऊन असं, की नारळाला हात लावला तर चटका बसत होता. भावजयीने दगडावर पान मांडलं, सुपारी ठेवली, नारळ ठेवला, उदबत्ती लावली, आणि माझ्याकडे बघितलं. गाऱ्हाणं मला घालायचं होतं. जन्मभर कोपऱ्यात उभं राहून जे ऐकलं ते मला सगळं पाठ होतं, याचं मलाच आश्चर्य वाटलं. बा महाराजा, जो कोण तू या जागेचा धनी असशील, तुझी ओळख नाही, तुझं नाव ठाऊक नाही. मी म्हणत गेले आणि माझ्या प्रत्येक वाक्यानंतर ती हळूच 'व्हय म्हाराजा' म्हणत गेली.

आम्ही वळलो तर मागे एक बकरी येऊन विड्याची पानं खायला लागली. तिला हाकायला बागेतून एक म्हातारा ओमानी आला. गाडी सापडली होती ती त्याच्याच बागेत. मेस्त्री गाडीतून उतरून त्याच्याशी अरबीत बोलला. म्हाताऱ्याने नारळाकडे पाहिलं, पण काही विचारलं नाही. आम्हाला बागेत नेऊन चटईवर बसवलं, कावा, म्हणजे त्यांची बिनदुधाची कॉफी, दिला, खजूर पुढे केले, आणि ज्या खोडाला गाडी अडकली होती त्याची सोललेली साल दाखवली. भावजयीने त्या खोडावर हात ठेवला. तेव्हा म्हातारा खाली बघून म्हणाला, "अल्ला यरहमा."

तिने मेस्त्रीला विचारलं, काय म्हणाले ते. मेस्त्रीने आधी माझ्याकडे बघितलं, आणि मग तो म्हणाला की गेलेल्या माणसासाठी म्हणतात, भाबी, अल्ला त्याच्यावर दया करो. तिने खोडावरचा हात काढला नाही. थोड्या वेळाने तिने मला विचारलं की इथे रडलं तर चालेल का. मी म्हटलं, चालेल. मेस्त्री आणि म्हातारा बागेच्या दुसऱ्या टोकाला गेले. ती त्या खोडाशी बसली, मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसले, आणि आम्ही वाट बघत राहिलो. रडू आलं नाही. येतच नाहीये, ती म्हणाली, आई हो म्हणेपर्यंत नाही यायचं. मग उठून तिने साडीची माती झटकली. 

कौल पुढच्याच शनिवारी लावायचा ठरला. भावजयीने शाळेत आधीच सुट्टी सांगून ठेवली होती. सुतकात बाहेर पडायचं नाही म्हणून. आपल्या आई-वडिलांना तिने फोनजवळ थांबायला सांगितलं होतं. सकाळी उठून घर झाडलं, हॉलमधल्या खुर्च्या, टीपॉय भिंतीला सरकवून मध्ये सतरंजी अंथरली, बसायला येणाऱ्या माणसांसाठी. बिल्डिंगमधल्या बायका येतील, ती म्हणाली. मी तिला ही तयारी करताना बघत होते आणि मला बरं वाटत होतं. एका माणसाला रडायला मिळावं म्हणून बरं वाटणं विचित्र आहे, पण तसंच वाटत होतं.

त्या काळी ओमानात व्हिडिओ कॉल नीट चालायचे नाहीत, एखादंच ॲप लागायचं आणि तेही अडखळत. गाभाऱ्यात फोन न्यायला गुरव देत नाही, म्हणून आई सभामंडपात फोन धरून उभी होती. कधी छत दिसायचं, कधी घंटा, कधी गुरवाची उघडी पाठ. आम्ही दोघी सतरंजीवर बसलो होतो, फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवलेला. माझा नवरा मागे उभा होता. गुरवाने सुरू केलं. बारा गावच्या देवांची नावं घेतली, मग आमच्या घराचं नाव, मग परमुलखातल्या त्या राखणदाराला नारळ पोचल्याचं सांगितलं. मग प्रश्न. "क्रिया करूची आसल्यास उजवो दी, नसात तर डावो दी, आणि लेकरांका मोकळा कर रे म्हाराजा." इकडून भावजय पुटपुटली, व्हय म्हाराजा.

मग चित्र थिजलं. आईचा अंगठा आणि मागे देवाचा काळा पाषाण, त्यावर दोन्ही बाजूंना पांढरे ठिपके. आवाज मात्र येत होता. कुणी खोकलं, कुठेतरी भांडं पडलं. भावजयीने माझं मनगट धरलं होतं. तिची बोटं गार होती आणि ती डोळे मिटून बसली होती. मी निश्चिंत होते. उजवीला पाणी कमी लावलेलं आहे, मला माहीत होतं. आणखी थोडा वेळ, मग हिला मोकळं होता येईल, मग मलाही त्या बाथरूममध्ये जावं लागणार नाही.

"डावो," गुरवाचा आवाज आला. आणि पाठोपाठ, जरा खालच्या स्वरात, बहुतेक मला ऐकू जावं म्हणूनच तो म्हणाला, "माझो हात नाय हेच्यात."

हे मी आजवर कुणाला नीट समजावून सांगू शकलेले नाही. माझ्या डोक्यात पहिलं जे आलं ते असं, की गुरवाने हातचलाखी केली असती तर उजवी पडली असती. मीच त्याला उजवी पाडायला सांगितलं होतं. तरी डावी पडली. म्हणजे माणसाने नाही पाडली. म्हणजे तो आहे. त्या दबलेल्या छपराखालून तो कसाबसा बाहेर पडलाय, कुठल्यातरी डोंगरातल्या गावात पडलाय, कुणीतरी त्याला पाणी पाजतंय. हे सगळं मला एका क्षणात लख्ख दिसलं, आणि वर्षभर छातीवर जे दडपण होतं ते उठलं. मला इतका आनंद आयुष्यात त्याआधी झाला नव्हता आणि नंतरही नाही. फार तर दोन श्वासांपुरता तो टिकला असेल. मग मला पुन्हा ती गाडी आठवली.

माझ्या मनगटावरची बोटं सुटली होती. पलीकडे देवळात आई रडत होती, आनंदाने, आणि इतर बायका तिला काहीतरी सांगत होत्या. चित्र पुन्हा हललं. आईने भावजयीला फोन द्यायला सांगितलं. तिने तो घेतला, पदर सारखा केला, आणि चांगल्या मोकळ्या आवाजात म्हणाली, हो आई, ऐकलं. हो, बरं झालं. हो, लावते दिवा. मग फोन माझ्याकडे देताना तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

"ताई, तुम्ही हसलात," ती म्हणाली.

 ती उठली, सतरंजी गुंडाळली, आणि खुर्च्या एकेक करून पुन्हा जागेवर लावायला लागली. माझा नवरा मदतीला पुढे झाला तर तिने त्याला राहू द्या म्हटलं. फोनवर आई मला विचारत होती. "ती रडणा नाय मां?"

मी भावजयीकडे बघितलं आणि सांगितलं, नाही, रडत नाहीये.